आमचे भावजी, कायमचे पाचवे

आमच्या भावजींना शहरात दोन नावं आहेत. जे त्यांच्याकडे गाडी चालवायला शिकले ते त्यांना सर म्हणतात आणि जे त्यांच्याशी बुद्धिबळ खेळतात ते पाचवे म्हणतात. पहिलं नाव तोंडावर, दुसरं पाठीमागे. पण भावजींचे कान शाबूत आहेत, त्यामुळे त्यांना दोन्ही ठाऊक आहेत.

पाचवे का, ते सांगते. आमच्या बुद्धिबळ मंडळाची दरवर्षी स्पर्धा होते. तिच्यात जे पहिले चार येतात त्यांचा संघ शहरातर्फे बाहेरगावी खेळायला जातो. पाचवा येतो तो राखीव. चौघांपैकी कोणी आजारी पडलं तर राखीव माणसाने खेळायचं. नाही पडलं तर पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि सामानावर लक्ष ठेवायचं. भावजी वर्षानुवर्षं पाचवे येत आलेत, आणि त्या चौघांच्या तब्येती अशा ठणठणीत, की भावजींवर राग काढण्यासाठीच ही मंडळी व्यायाम करत असावीत. एकदा एकाला सणकून ताप आला. भावजी कोट चढवून तयार झाले. तर तो गृहस्थ अंगावर शाल घेऊन पटावर जाऊन बसला आणि जिंकून उठला. मध्ये दोनदा भावजींनी त्याला गरम पाणी नेऊन दिलं.

मी त्यांची मेहुणी. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या सांभाळते आणि सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळाच्या स्पर्धांत पंच असते. पंच होण्याची हौस मला नव्हती. मंडळाला पंच मिळेना म्हणून भावजींनी मला परीक्षेला बसवलं आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर ठाण मांडून नियम पाठ करून घेतले. "खेळाडू चाल करून घड्याळ दाबायला विसरला. पंच काय करेल?" असं ते विचारायचे. "गप्प बसेल," मी म्हणायचे. "आणि खेळाडू पंचाचा सख्खा भाऊ असला तर?" "तरी गप्प बसेल." "शाब्बास!" मला गप्प बसायला शिकवणं हे किती कठीण काम आहे ते आमच्या घरच्यांना विचारा. माझ्या आईने त्यासाठी आयुष्य वेचलं आणि शेवटी नाद सोडला.

भावजी खेळतात मात्र चांगलं. मेहुणी म्हणून सांगायला बसले तर मी वेगळंच काही सांगेन. हे पंच म्हणून सांगते. पण त्यांना एक खोड आहे. दुसऱ्याची चूक त्यांना बघवत नाही. हा धंद्याचा आजार आहे. शिकाऊ माणसाशेजारी बसून दिवसभर "आरसा बघ, आरसा", "क्लच सोड, हळू, हळू म्हणजे हळू" असं बोलत राहायचं, तर घरी आल्यावर ते तोंड बंद कसं व्हावं? ताईने भाजी चिरायला घेतली की हे सुरी कशी धरावी ते सांगणार. पटावर समोरच्याने चाल करून घड्याळ दाबलं नाही, की हे बोट दाखवून म्हणणार, "घड्याळ!" तो माणूस घड्याळ दाबतो, आभार मानतो आणि वाचलेल्या वेळात यांना हरवतो. मंडळात याला भावजींचा सज्जनपणा म्हणतात. सज्जनपणा कसला? सवय ती.

शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी क्लच आणि ब्रेक वेगळे असतात. शिकाऊ गडबडला की शिक्षक पाय दाबतो. भावजींच्या पायाला हे इतकं भिनलंय, की कुणाच्याही गाडीत बाजूला बसले तरी त्यांचा पाय दाबला जातो. माझ्या नवऱ्याच्या गाडीत त्या बाजूची चटई भोक पडून फाटली. खुर्चीत बसून टीव्हीवर एखादी गाडी वळताना दिसली तरी पाय खाली जातो. ताई म्हणते, झोपेतसुद्धा कधीकधी तिच्या नडगीवर ब्रेक लागतो.

तर यंदाची स्पर्धा. शेवटच्या फेरीआधी चौथे होते औषधवाले आणि अर्ध्या गुणाने मागे, अर्थातच पाचवे, आमचे भावजी. औषधवाले म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचे मालक. माणूस शांत, खेळ चिवट, बोलणं पुडीत बांधून दिल्यासारखं मोजकं. तेही भावजींकडेच गाडी शिकले, त्यामुळे पटावर बसतानासुद्धा "नमस्कार, सर" म्हणतात. शेवटच्या फेरीत दोघांची गाठ एकमेकांशीच पडली. बरोबरी झाली तर औषधवाले संघात. भावजी जिंकले तर भावजी. गोष्ट इतकी सरळ होती.

मी मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाले, "माझे भावजी खेळतायत, या टेबलाला दुसरा पंच द्या."

अध्यक्ष म्हणाले, "आहे कुठे दुसरा?"

ताईने त्या दिवशी रजा टाकली होती. स्पर्धा होते त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत ती, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या मागे पहिल्याच खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. भावजींचा नवा सदरा तिनेच आणला होता. "यंदा पाण्याच्या बाटल्या दुसऱ्याला भरू दे," असं सकाळी दारातच म्हणाली होती. जाताना भावजींनी पहिल्यांदाच माझ्या नियमांच्या पुस्तकाला नमस्कार केला. मला हसू आलं.

डाव दुपारपर्यंत चालला. दोघेही असे खेळले, की बाकीचे खेळाडू आपापले डाव संपवून दोरीपाशी येऊन उभे राहिले. मध्येच औषधवाले चाल करून विचारात पडले आणि घड्याळ दाबायला विसरले. भावजींनी किती वाट पाहावी? श्वास घेण्याइतकीसुद्धा नाही. बोट पुढे केलं, "घड्याळ!"

"आभारी आहे, सर," औषधवाले म्हणाले आणि घड्याळ दाबलं. दोरीमागे ताईने कपाळावर हात मारला, त्याचा आवाज मला ऐकू आला.

ज्यांनी हे घड्याळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एकाच घड्याळात दोघांची वेळ वेगवेगळी असते. आपली चाल झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं. मग आपली वेळ थांबते आणि समोरच्याची पळू लागते. नाही दाबलं तर आपलीच पळत राहते. ती संपली की डाव गेला. मग पटावर तुमचं राज्य का असेना.

आणि पटावर भावजींचंच राज्य आलं. त्यांनी आपला हत्ती उचलला आणि औषधवाल्यांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. दोरीमागे कोणीतरी चुकचुकलं. मीही आधी चुकचुकले, मनात. मग पाहिलं तर अंगावर काटाच आला. हत्ती मारावा तर राजावर मात, न मारावा तर वजीर जातो. तिसरी वाट नव्हती. इतकी वर्षं पाचवा येणारा हा माणूस पहिल्या नंबराची चाल खेळला होता.

चाल केली, जोर एकवटला, आणि दाबलं.

पायाने.

टेबलाखाली उजवा पाय जमिनीवर खाडकन दाबला गेला, मी डोळ्यांनी पाहिला. हात मांडीवरच राहिला. भावजींचं समाधान झालं. दाबायचं ते दाबलं होतं. त्यांनी चष्मा काढला, नव्या सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला आणि डोळे मिटून मागे टेकून बसले. चांगली चाल केली की समोरच्याच्या तोंडाकडे पाहू नये, असं त्यांचं मत आहे. आणि त्यांची वेळ पळत होती.

औषधवाल्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. घड्याळाकडे त्यांचंही लक्ष नव्हतं. हत्तीकडे बघत होते, राजाकडे बघत होते, ओठ हलत होते, कानशिलावर घाम आला होता. दोन नामांकित खेळाडू, एक डोळे मिटून खूश आणि दुसरा डोळे फाडून हवालदिल. कुणाची वेळ चाललीय हे खोलीत बाकी सगळ्यांना दिसत होतं आणि बोलायची परवानगी एकालाही नव्हती.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ताई उठून उभी राहिली. मी डोळे वटारले. मग तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि फरशीवर टाकला. पडला नाही हं, टाकला. सगळ्या खोलीने माना वळवल्या, भावजी सोडून. शिकाऊ लोकांच्या हातून गिअरचा खडखडाट ऐकून ऐकून ते अशा आवाजांना दचकायचे केव्हाच थांबलेत. मला ताईपाशी जाऊन म्हणावं लागलं, "प्रेक्षकांनी शांतता राखावी."

"मेलीस तू मला," ताई दात आवळून म्हणाली.

मी परत टेबलापाशी आले. आणि तेव्हा मी ते पाहिलं. औषधवाल्यांनी डोकं सोडलं, एक लांब श्वास टाकला, हताश हसले आणि हात पुढे केला. डाव सोडणारा माणूस आधी घड्याळ थांबवतो आणि मग समोरच्याचा हात हातात घेतो, ही रीत आहे. त्यांची बोटं घड्याळापर्यंत पोचली. घड्याळ थांबवायचं म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बोटं तिथेच थांबली. मग हात तसाच पुढे सरकला आणि बाजूची पाण्याची बाटली उचलली. त्यांनी झाकण उघडलं. पाणी प्यायले नाहीत. झाकण लावलं. पटाकडे बघत राहिले, पण आता ते पट बघत नव्हते.

कुठला नियम मोडला त्यांनी? कुठलाच नाही. घड्याळाकडे जाणारा हात पाण्याकडे नेऊ नये, असं पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी गिळले.

भावजींची वेळ संपली. जाहीर करायचं काम माझं.

"वेळ संपली," मी म्हणाले.

भावजींनी डोळे उघडले, चष्मा चढवला, आणि औषधवाल्यांकडे सहानुभूतीने पाहिलं. मग माझ्याकडे. "कुणाची?"

"तुमची."

त्यांनी घड्याळ पाहिलं. हात पाहिला. मग वाकून टेबलाखाली आपला पाय पाहिला. "अगं, पायाने दाबलं गं मी," असं ते म्हणाले, आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज ऐकून मला रडूच फुटलं असतं. त्यांनी उठून औषधवाल्यांशी हात मिळवला. डाव संपल्यावर दोघांनी पट पुन्हा मांडून कोण कुठे चुकलं ते बघायचं असतं. भावजींना खेळापेक्षा तेच जास्त आवडतं. पण औषधवाले म्हणाले, दुकान उघडायचंय, आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

घरी ताईने माझ्याशी भांडण काढलं, ते काढायलाच हवं होतं. "तुला नुसतं खोकायचं होतं! खोकायला काय जात होतं तुझं?"

"नियम आहे."

"कोणी शिकवला नियम?"

"तुझ्या नवऱ्याने."

यावर तिने अबोला धरला. भावजी मात्र दोघींकडे लक्ष न देता पट मांडून बसले होते. मला वाटलं, त्यांना संघाचं दुःख असेल. ते होतंच. पण त्यापेक्षा मोठा किडा त्यांच्या डोक्यात शिरला होता. "औषधवाले इतका वेळ बसले, म्हणजे त्यांना काहीतरी उत्तर सापडलं असणार," ते म्हणायचे. "बघणारे सांगतात, शांतपणे पाणी घेतलं त्यांनी. घाबरलेला माणूस पाणी घेतो का? माझ्या चालीतच खोट असणार. वेळ गेली ते बरंच झालं, नाहीतर पटावर हरलो असतो." रोज संध्याकाळी शिकवणी संपवून आले की हत्ती उचलायचा, ठेवायचा, उचलायचा. उत्तर सापडत नव्हतं, कारण नव्हतंच. पण ते काही त्यांना पटेना. आपली चाल बिनतोड आहे यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

मी सांगायला हवं होतं? काय सांगू? की माणूस डाव सोडत होता आणि घड्याळ बघून त्याने मन बदललं? पंचाने पाहिलेल्या हातावरून निकाल फिरत नाही आणि घरात आग तेवढी लागते. मी गप्प राहिले आणि चिडचिड नवऱ्यावर काढली.

संघ बाहेरगावी गेला. राखीव म्हणून भावजीही गेले, बाटल्यांसकट. पहिल्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. ताईने तो मोठ्या आवाजावर टाकला. अबोला होता, पण मला ऐकू यावं अशी तिची इच्छाही होती.

"अगं, मी खेळलो! औषधवाल्यांचं पोट बिघडलंय. सकाळी उठलेच नाहीत बिचारे. हरलो मी, पण खेळलो."

दुसऱ्या दिवशीही पोट बिघडलेलंच होतं. भावजींनी बरोबरी केली. तिसऱ्या दिवशी तर पोट जास्तच बिघडलं आणि भावजी जिंकले. फोनवर त्यांना धड बोलता येत नव्हतं. "औषधाचं दुकान आहे त्यांचं, आणि स्वतः एक गोळी घेत नाहीत," ते मध्येच काळजीने म्हणाले. "खोलीत चहा-बिस्किटं खाऊन पडून असतात. मी सांगितलं, वेळेवर जेवा. दुकानात उभ्याने खाता, त्याचे परिणाम आहेत हे." परत येईपर्यंत त्या पोटाला उतार पडला नाही. ताई म्हणाली, देवाने ऐकलं. आजार कसला आहे ते मला कळलं होतं, आणि त्या माणसावरचा माझा राग निम्मा उतरला होता. निम्माच.

परत आल्यावर, रविवारी सकाळी औषधवाले भावजींच्या घरी आले. मीही तिथेच होते, कारण अबोला नुकताच संपला होता आणि ताईला बोलायचा अनुशेष भरून काढायचा होता. औषधवाले सोफ्याच्या कडेवर बसले. ताईने चहा आणून ठेवला. संघात जागा घेऊनही ती वापरायला न मिळालेल्या माणसाशी तिला आता गोड वागता येत होतं.

"पोट कसं आहे?" भावजींनी विचारलं.

"सर, मला काही सांगायचंय."

"आधी माझं ऐका. तुमच्या पोटदुखीवर मी खेळलो. मला फार लाज वाटते. मनात कुठेतरी आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू? माफ करा मला."

औषधवाल्यांचा चेहरा असा झाला, की त्यांना आता खरोखरच पोटात कळ आली असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

"सर, त्या दिवशी मी डाव सोडत होतो," ते म्हणाले. "माझ्याकडे उत्तर नव्हतं. घड्याळ थांबवायला हात नेला, तेव्हा दिसलं की वेळ तुमची चाललीय. म्हणून हात मागे घेतला. तुम्ही मला सांगितलं होतंत. मी तुम्हाला सांगितलं नाही."

ताईचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं, आता भावजी उठतील, ओरडतील, निदान एकदा तरी आयुष्यात कोणावर तरी ओरडतील.

"सोडत होतात?" भावजी म्हणाले. "नक्की? उत्तर नव्हतं?"

"नव्हतं."

"घोडा मागे घेऊनसुद्धा नव्हतं?"

"घोड्याचं मी तपासलं होतं, सर. नव्हतंच."

"अगं, ऐकलंस का?" भावजी उठून उभेच राहिले. "ऐकलंस? डाव सोडत होते! चाल बरोबर होती माझी!" इतका उजळलेला चेहरा मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ते आतल्या खोलीत पट आणायला धावले.

ताईने ऐकलं होतं. ती शांतपणे पुढे झाली, औषधवाल्यांच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला, बशी उचलली, बिस्किटांची ताटली उचलली आणि सगळं घेऊन स्वयंपाकघरात गेली. औषधवाल्यांनी ते जाताना पाहिलं आणि मान खाली घातली.

भावजी पट मांडू लागले. घाईघाईत प्यादी पडत होती. औषधवाले त्यांना प्यादी उचलून देऊ लागले. मग थांबले. सगळंच सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून आले होते बहुधा. "आणि सर," ते म्हणाले, "ते तिकडे माझ्या पोटाचं जे झालं, ते खरं तर..."

"बरं आहे आता त्यांचं पोट, भावजी," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने म्हणाले, की स्वयंपाकघरातली भांडी थांबली. "मला आत्ताच सांगितलं त्यांनी. अगदी बरं आहे."

औषधवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. त्यांनी तोंड मिटलं.

"हो ना? मग झालं तर," भावजी म्हणाले आणि हत्ती त्या घरात नेऊन ठेवला. "आता समजा, हा तुम्ही मारलात. मारा. मारा ना, घाबरता काय?"